स्टिरर किती वेळ बंद होता?

त्या रात्रीची लॉगशीट अजून माझ्याकडे आहे. मूळ कागद कंपनीच्या फायलीत राहिला आणि कंपनी गेली तसा तोही गेला असणार. माझ्याकडे आहे ती झेरॉक्स, घडीवर फाटत आलेली. जुलै १९८६, रबाळ्याच्या एमआयडीसीतला रंगांची इंटरमिजिएट्स बनवणारा कारखाना, नायट्रेशनचा, म्हणजे सेंद्रिय द्रवावर नायट्रिक अॅसिडची क्रिया घडवण्याचा प्लांट, तिसरी पाळी. ऑपरेटरचं अक्षर ठसठशीत. दर अर्ध्या तासाला एक ओळ. एक दहा, तापमान आठ. एक चाळीस, नऊ. मग दोन पाचला ‘लाईट गेली, स्टि. बंद’. स्टि. म्हणजे स्टिरर, रिअॅक्टरमधलं मिश्रण ढवळणारं यंत्र. दोन सव्वीसला ‘स्टि. चालू’. दोन तीससमोर तापमानाचा आकडा आहे चौतीस, आणि त्याच्या पुढे पेन कागदात रुतवून लिहिलेला एकच शब्द: ‘डंप’.

सरांचा फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “येताना ती लॉगशीट आण.” कोणती, हे मला विचारावं लागलं नाही.

सर वाशीला राहतात. पंचाहत्तरीला टेकलेत. आयुष्यभर केमिकल इंजिनिअरिंग शिकवलं, मग विभागप्रमुख झाले, अधिष्ठाता झाले आणि नोकरीच्या अखेरीस पाच वर्षं एका विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही, विद्यापीठाचंही नाही. त्यांना ते रुचणार नाही. पण त्यांच्याबद्दल लिहायचं माझ्या मनात फार दिवसांपासून आहे, आणि त्या रविवारी ठाण्याला नऊ नंबरवरून वाशीची गाडी पकडली तेव्हाच मनात पहिली ओळ तयार झाली होती.

ही गाडी माझ्या ओळखीच्या मुलखातून जाते. दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. माझ्या नोकरीच्या काळात इथे लोकल नव्हती. ती आली २००४ मध्ये. आम्ही कंपनीच्या बसने ठाणे-बेलापूर रोडने जायचो, आणि कोणता कारखाना आला हे डोळे मिटूनही नाकाला कळायचं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, तिची पहिली वसाहत आमच्या ठाण्याची वागळे इस्टेट. मग खाडीपलीकडचा हा पट्टा वसला. नोसिल या पेट्रोकेमिकल कंपनीचा नॅफ्था क्रॅकर इथे १९६८ मध्ये सुरू झाला. त्याच्या आजूबाजूला प्लॅस्टिक, फिनॉल, रंग, औषधं, कीटकनाशकं. आता खिडकीतून काचेच्या इमारती दिसतात, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं गाडीत चढतात. त्यांना मी कधी काही सांगितलेलं नाही. पण रबाळे आलं की माझी मान आपोआप डावी-उजवीकडे वळते.

बी.एस्सी. मी ठाण्यात केलं, खाडीच्या काठावरच्या बांदोडकर कॉलेजात. पुढे माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. स्लो लोकलने ठाणे ते माटुंगा, आणि तिथून झाडांच्या सावलीतून चालत. १ ऑक्टोबर १९३३ ला मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था. मुंबईत कापडगिरण्या होत्या आणि कापड रंगवायचं शास्त्र जाणणारी माणसं हवी होती, त्यातून तिचा जन्म. रंगरसायनांचे मोठे जाणकार के. वेंकटरामन इथे संचालक होते. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, पहिले भारतीय संचालक झाले. आम्ही बी.एस्सी. टेक.च्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या. घरच्यांना वाटायचं, शिकून शाळेत शिकवेल. मला प्लांटवर जायचं होतं.

सर तेव्हा तिशीतले. ‘युनिट ऑपरेशन्स’ शिकवायचे. पहिल्या तासाला वर्गात आले, हजेरी घेतली नाही, फळ्यावर काही लिहिलं नाही. विचारलं, “चहा बशीत का ओततात?”

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, “लवकर निवतो म्हणून.”

“चहा तेवढाच. कपातला तोच, बशीतला तोच. मग लवकर का निवतो?”

त्या तासाला त्यांनी तेवढंच शिकवलं. बशीत चहा पसरतो, हवेला लागणारं त्याचं पृष्ठ वाढतं, आणि उष्णता जी बाहेर जाते ती पृष्ठातूनच जाते. मग म्हणाले, उलट करून बघा. अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये तुम्ही एक प्रयोग केलात. तोच आता पाच हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये करायचाय. माल किती पट झाला? दहा हजार पट. आणि त्याला थंड करणारी भिंत किती पट वाढली? आम्ही वहीत गणित केलं. चारशे चौसष्ट पट. म्हणजे लिटरमागे जेवढं पृष्ठ फ्लास्कमध्ये होतं, त्याचा साडेएकविसावा भाग उरला. फ्लास्कमध्ये जे अॅसिड तुम्ही अर्ध्या तासात थेंबथेंब सोडलंत, ते इथे सोडायला जवळजवळ अकरा तास घ्या, नाहीतर आतली उष्णता आतच कोंडेल.

केमिकल इंजिनिअरिंगमध्ये याला स्केल-अप म्हणतात. मला आजही वाटतं, आमच्या सगळ्या विषयाचा गाभा या एका गोष्टीत आहे. लहान भांड्यात जमलेलं मोठ्या भांड्यात तसंच जमत नाही, कारण आकारमान धावत सुटतं आणि पृष्ठ मागे राहतं.

त्या काळी माटुंग्याला या पृष्ठाचंच वेड होतं. मनमोहन शर्मा सर तिथे प्राध्यापक होते. जोधपूरहून आलेला हा विद्यार्थी यूडीसीटीतून केंब्रिजला गेला, पीटर डँकवर्ट्झ यांच्याकडे पीएच.डी. केली आणि १९६४ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी माटुंग्यालाच प्राध्यापक म्हणून परतला. डँकवर्ट्झ हे विलक्षण गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर पडलेले, न फुटलेले सुरुंग निकामी करण्याचं काम त्यांनी केलं आणि त्यासाठी त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. पुढे केमिकल इंजिनिअर म्हणून त्यांनी दोन गोष्टी अशा मांडल्या की आजही त्यांच्यावाचून पाठ्यपुस्तक पुढे सरकत नाही. पहिली, वायू आणि द्रव जिथे भेटतात ते पृष्ठ स्थिर नसतं. आतून ताजा द्रव वर येतो, थोडा वेळ पृष्ठावर राहतो, जे घ्यायचं ते घेऊन पुन्हा खाली जातो. दुसरी, वाहत्या टाकीत शिरलेला प्रत्येक कण सारखाच वेळ आत राहत नाही. काही लगेच बाहेर पडतात, काही कोपऱ्यात अडकून बसतात. सरासरीवर विसंबू नका, कोण किती वेळ आत राहिलं ते मोजा. हा त्यांचा निबंध १९५३ चा.

शर्मा सरांनी गुरूंबरोबर एक पद्धत विकसित केली. टाकीत लाखो बुडबुडे उसळताहेत, त्यांचं एकूण पृष्ठ किती? पट्टीने तर मोजता येणार नाही. पण कार्बन डायऑक्साइड अल्कलीत किती वेगाने शोषला जातो हे नेमकं माहीत असेल, तर एकूण किती वायू शोषला गेला एवढं मोजायचं, की पृष्ठ आपोआप कळतं. रासायनिक क्रियेलाच फूटपट्टी बनवायचं. मला ही कल्पना प्रथम समजली तेव्हा अंगावर काटा आला होता.

पुढे १९८९ ते १९९७ शर्मा सर यूडीसीटीचे संचालक होते. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांच्या हाताखाली १९६९ मध्ये पीएच.डी. झालेले रघुनाथ माशेलकर एनसीएलचे संचालक झाले आणि मग अकरा वर्षं वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे महासंचालक. बुडबुड्यांच्या टाक्यांवर आयुष्य घालवलेले ज्येष्ठराज जोशी १९९९ पासून दहा वर्षं माटुंग्याला संचालक होते. नंतर मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षही झाले. २००८ मध्ये संस्थेला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळून तिचं नाव इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी झालं, तेव्हा पहिले कुलगुरू झाले गणपती यादव. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचा मुलगा, १९७४ मध्ये यूडीसीटीतून पदवी, आणि संशोधन उत्प्रेरकांवर, म्हणजे पुन्हा पृष्ठावरच. २००९ ते २०१९ ते त्या पदावर होते, आणि त्याही काळात त्यांचे विद्यार्थी पीएच.डी. करतच होते. एकूण शंभराहून जास्त. माटुंग्याच्या एका आवारातली संस्था त्यांच्या कारकिर्दीत जालन्याला आणि भुवनेश्वरला पोचली. इकडे पवईतही त्याच दहा वर्षांत आयआयटीचे संचालक केमिकल इंजिनिअरच होते, देवांग खक्कर. त्यांचं काम दाण्यांच्या प्रवाहावर. फिरत्या ढोलात लहान-मोठे दाणे घातले तर ते मिसळण्याऐवजी कसे वेगवेगळे होतात, हा त्यातला एक भाग. वर्ग चालवणाऱ्या कोणालाही हा प्रश्न परका वाटू नये.

इतके केमिकल इंजिनिअर संस्थांच्या प्रमुखपदी कसे, असं मला एकदा भाच्याने विचारलं. उत्तर मी तेव्हा नीट देऊ शकले नाही. आता देते. त्यासाठी लॉगशीटकडे परत जावं लागेल.

त्या रात्री रिअॅक्टरच्या वरच्या मजल्यावरच्या मेजरिंग टँकमधून नायट्रेटिंग अॅसिड खाली येत होतं. पंप नव्हता, गुरुत्वानेच येत होतं. पावसाळा, लाईट गेली. स्टिरर थांबला, रिअॅक्टर थंड ठेवणाऱ्या ब्राईनचा, म्हणजे गार मिठाच्या पाण्याचा पंप थांबला. अॅसिड मात्र थांबलं नाही, कारण त्याला विजेची गरजच नव्हती. ते जड असतं, खाली तळाशी जाऊन बसलं. वर सेंद्रिय द्रवाचा थर. दोन्ही एकमेकांना फक्त मधल्या एका सपाट रेघेवर भेटत होते, त्यामुळे क्रिया जवळजवळ होत नव्हती आणि तापमानही शांत होतं. ऑपरेटर अंधारात वर पोहोचला आणि त्याने व्हॉल्व्ह बंद केला, पण तोवर बरंच अॅसिड खाली गेलेलं होतं. जनरेटर लागला, लाईट आली, स्टिरर फिरला. वीस मिनिटांचं साठलेलं अॅसिड एका मिनिटात मिसळलं. भेटीचं पृष्ठ एकाएकी हजारो पट झालं. तापमान चौतीस झालं आणि वरच चढत राहिलं. त्या माणसाने तपकिरी धुरात उभं राहून खालचा व्हॉल्व्ह उघडला आणि सगळी बॅच पाण्याच्या टाकीत सोडली. बॅच गेली. कोणाला ओरखडा उठला नाही.

सकाळी व्यवस्थापनाने ऑपरेटरला चार्जशीट द्यायचं ठरवलं. व्हॉल्व्ह उशिरा बंद केला, स्टिरर न विचारता चालू केला, कंपनीचं नुकसान केलं. मी तेव्हा पायलट प्लांटवर, म्हणजे मोठ्या प्लांटआधीच्या छोट्या चाचणी-प्लांटवर होते. नायट्रेशनचा स्केल-अप माझ्या कागदांवरून झाला होता. मला झोप लागेना. शेवटी व्यवस्थापकांकडे जाऊन म्हणाले, माझ्या सरांना एकदा दाखवू या. त्यांनी मान्य केलं हे त्यांचं मोठेपण.

सर माटुंग्याहून आले. मीटिंगमध्ये पाऊण तास कोणी काय करायला हवं होतं यावर चर्चा चालली होती. सर लॉगशीट बघत होते. मग त्यांनी विचारलं, “स्टिरर किती वेळ बंद होता?”

“एकवीस मिनिटं.”

“तेवढ्या वेळात अॅसिड किती आलं?”

कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी मेजरिंग टँकची काचनळी बघितली, हिशेब केला आणि आकडा कागदावर लिहिला. मग म्हणाले, “आत आलं, बाहेर गेलं नाही, म्हणजे साठलं. वीज गेल्यावर जे आपोआप बंद व्हायला हवं होतं, ते आपण एका माणसाच्या पायांवर सोपवलं होतं. दोष असला तर पाइपिंगचा आहे.” त्यांच्या अहवालात दोन सूचना होत्या. अॅसिडच्या लाईनवर वीज गेली की बंद होणारा व्हॉल्व्ह, आणि स्टिररच्या करंटशी त्याचा इंटरलॉक, म्हणजे कुठल्याही कारणाने स्टिरर थांबला की अॅसिड थांबलंच पाहिजे. चार्जशीट मागे घेतली गेली. तो व्हॉल्व्ह कारखाना बंद होईपर्यंत चालला.

अनेक वर्षांनी सर कुलगुरू झाले. शोध समिती, पाच नावं, राज्यपालांची मुलाखत, हे सगळं वर्तमानपत्रातून कळलं. मी अभिनंदनाचा फोन केला तर म्हणाले, “फार मोठं भांडं आहे गं हे.” तेव्हा मला त्यातली चिंता कळली नाही.

पहिल्याच वर्षी निकाल रखडले. विद्यार्थ्यांचे मोर्चे, अधिसभेत गदारोळ, पेपरात रोज बातमी. परीक्षा विभागातल्या दोन कारकुनांना निलंबित करायची टिप्पणी त्यांच्या टेबलावर आली. सरांनी ती बाजूला ठेवली. मागच्या रविवारी वाशीला त्यांनी मला तो सगळा प्रकार सांगितला, आणि सांगताना त्यांचा चेहरा अगदी १९८२ सालच्या वर्गातला झाला.

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा परीक्षा केंद्रातून निघाल्यापासून गुणपत्रिका छापली जाईपर्यंत कुठेकुठे जातो, याचा त्यांनी आधी फ्लो-शीट काढला. जसा प्लांटचा काढतात तसाच, चौकोन आणि बाण. मग काही गठ्ठ्यांना लाल कागद चिकटवला आणि हुकूम काढला: हा गठ्ठा ज्या टेबलावर येईल, त्या टेबलाने त्यावर आल्याची आणि गेल्याची तारीख-वेळ लिहायची. बाकी काही बदलायचं नाही. पाण्याच्या टाकीत रंगाचा थेंब टाकून तो कधी बाहेर पडतो हे आम्ही प्रयोगशाळेत मोजायचो, तसा हा लाल कागद. आम्ही त्याला ट्रेसर म्हणतो.

“काय निघालं?” मी विचारलं.

“सरासरी सगळ्यांना माहीत होती. सरासरीने काय कळतं? काही गठ्ठे आठवड्यात बाहेर. काही दोन महिने आत.” सर पुढे सरकून बसले. “तपासनीस वेळेवर तपासत होते. कारकूनही चोख. गठ्ठे पडून होते जिल्ह्याच्या संकलन केंद्रांवर. का? तर टेम्पो भरल्याशिवाय निघायचा नाही असा नियम होता. डिझेल वाचवायला कोणीतरी कधीकाळी केलेला. लहान तालुक्यातला टेम्पो भरणार कधी?”

त्यांनी नियम बदलला. भरो न भरो, गाडी दर दोन दिवसांनी निघेल. पुढच्या सत्राचे निकाल बऱ्याच लवकर लागले. कारकुनांवरची टिप्पणी फाईलमध्येच राहिली.

भाच्याला द्यायचं उत्तर हे. प्लांटवर वाढलेला माणूस आधी ‘कोणी केलं’ हे विचारत नाही, ‘कुठे साठलं’ हे विचारतो. आणि मोजतो. मला हा स्वभाव फार मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या कचेऱ्यांमध्ये मी उलट पाहत आले आहे. काही बिघडलं की आधी माणूस शोधायचा, सगळ्यात खालच्या पायरीवरचा, आणि तो सापडला की शोध संपला.

पण सरांच्या कुलगुरूपदाची कहाणी इतकीच असती तर मी हा लेख लिहिला नसता. त्यांना स्वतःला त्या निकालांचं फार कौतुक नाही. त्यांना सलणारी गोष्ट वेगळी आहे.

विद्यापीठाला शेकडो महाविद्यालयं संलग्न. दरवर्षी नवी यायची. विद्यार्थी वाढत होते, अभ्यासक्रम वाढत होते. शिक्षकांच्या जागा मात्र रिकाम्या. भरतीला शासनाची मान्यता लागते, ती येत नसे, आली तर निम्म्या जागांना. वर्ग चालायचे ते तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर. एका तासाचे अमुक रुपये, सुट्टीत पगार नाही, पुढच्या वर्षी घेतील की नाही याची खात्री नाही. असा शिक्षक दिवसाला दोन-तीन कॉलेजं धावत करतो. तास संपला की मुलाला भेटायला तो थांबेल कसा? त्याला बस गाठायची असते.

“आकारमान वाढत गेलं,” सर म्हणाले, “आणि पृष्ठ वाढवायला मला जमलं नाही. मुलाला शिक्षक जिथे लागतो ते पृष्ठ. मी मंत्रालयात किती खेपा घातल्या ते विचारू नकोस.”

मी काही बोलले नाही. बशीत चहा ओतून ते पीत होते. काकूंनी कितीदा सांगूनही त्यांची ही सवय सुटलेली नाही.

एक गोष्ट त्यांनी केली, ती मात्र मला माहीत होती, कारण त्या वेळी पेपरात तिच्यावर थोडी टीकाही झाली होती. दर सोमवारी सकाळी आठ ते नऊ ते विद्यापीठाच्या केमिकल विभागात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मटेरियल बॅलन्स, म्हणजे आत किती आलं, बाहेर किती गेलं आणि किती साठलं याचा हिशेब शिकवायचे. पाचही वर्षं. कुलगुरूंनी दुसऱ्या वर्षाचा वर्ग घेणं पदाला शोभत नाही असं काहींचं म्हणणं. व्यवस्थापन परिषदेची बैठक सोमवारी सकाळी ठेवण्याचा आग्रह अनेकदा झाला. सरांनी ती नऊनंतरच घेतली. त्या वर्गातल्या मुलांकडून त्यांना जे कळायचं ते कुठल्याही अहवालात नसायचं. वसतिगृहाच्या टाकीत पाणी किती वाजता संपतं, ग्रंथालयात कुठलं पुस्तक गेलं वर्षभर मिळालं नाही, कोणत्या विषयाला जुलैपासून शिक्षकच नाही.

मला विचाराल तर कुलगुरू निवडताना शोध समितीने एक प्रश्न जरूर विचारावा: गेल्या वर्षभरात तुम्ही फळ्यासमोर किती तास उभे राहिलात? शोधनिबंधांची यादी सगळेच आणतात.

या सगळ्याची किंमतही त्यांनी मोजली. कुलगुरू झाले त्या दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेत एक काचेचा उभा कॉलम होता, माणसापेक्षा उंच, खालून हवा सोडली की पाण्यात बुडबुड्यांची झुंबड उडायची. त्यावर त्यांचा शेवटचा विद्यार्थी काम करत होता. पहिल्या वर्षी सर रविवारी जायचे. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. विद्यार्थ्याने प्रबंध कसाबसा पूर्ण केला आणि तो निघून गेला. पाच वर्षांनी सर परत आले तेव्हा कॉलममध्ये पाणी नव्हतं, आतून काचेवर क्षारांचा पांढरा थर चढला होता आणि वरच्या टोकाला कोळ्याचं जाळं. त्यांनी अॅसिडने काच धुतली, नळी जोडली, हवा सोडली. बुडबुडे आले. “पण मला काय मोजायचंय तेच सुचेना,” ते म्हणाले. “पाच वर्षांत विषय पुढे गेला होता, आणि माझा हात मागे राहिला होता.” ज्यांनी पद सांभाळून प्रयोगशाळाही चालू ठेवली, त्यांच्याबद्दल सर नेहमी आदराने बोलतात, आणि त्या आदरात मला त्यांची हळहळ ऐकू येते.

मी त्यांना म्हणाले, तुम्ही कुलगुरू झाला नसतात तर? त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाक चालली होती. मग म्हणाले, “टेम्पो भरायची वाट बघत ते गठ्ठे अजून पडून असते.” आणि उठून लॉगशीट मागितली.

ती त्यांना पाहिजे होती कारण नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने त्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं, आणि त्यांनी परस्पर कळवून टाकलं होतं की व्याख्यान ते नाही, मी देणार. चाळीस वर्षांत मी कधी वर्गासमोर उभी राहिलेली नाही. मी नाही म्हणून बघितलं. त्यांनी ऐकलं नाही.

बुधवारी व्याख्यान झालं. दुसऱ्या वर्षाचा वर्ग, साठेक मुलं, त्यातल्या निम्म्या मुली. आमच्या वेळच्या वर्गाची आठवण होऊन मला क्षणभर सुरुवातच करता येईना. सर सगळ्यात मागच्या बाकावर बसले होते. मी चहाच्या बशीपासून सुरू केलं. दहा हजार पट आणि चारशे चौसष्ट पट फळ्यावर लिहिलं. मग लॉगशीट पडद्यावर दाखवली आणि एकेक ओळ वाचली. दोन पाच. दोन सव्वीस. दोन तीस. ‘डंप’ या शब्दाशी आले तेव्हा वर्गात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला.

“मॅडम, त्या वेळी तुम्ही स्वतः काय केलंत?”

“मी तिथे नव्हते. बायकांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कारखान्यात काम करता येत असे. फॅक्टरी अॅक्टच तसा होता.”

तिला हे नवीन असावं. तिने शेजारणीकडे पाहिलं. “मग तुम्हाला हे सगळं इतकं बारीक कसं माहीत?”

“सकाळी सहाला गेट उघडलं तेव्हा मी गेटवर होते. ऑपरेटर मामांची पाळी संपली होती, पण ते घरी गेले नव्हते. मला म्हणाले, चला ताई, दाखवतो. मेजरिंग टँकचा व्हॉल्व्ह वरच्या मजल्यावर होता. त्यांनी मला ते अंधारात चढले होते तो लोखंडी जिना चढायला लावला आणि पायऱ्या मोजायला सांगितल्या.”

“किती होत्या?”

“बावीस.”

“आणि हातात टॉर्च नव्हता,” मागून सरांचा आवाज आला. “तेही लिहून घ्या.”

तिने वहीत बावीस लिहिलं होतं. त्याच्या खाली तिने टॉर्चचं लिहिलं, आणि मग पुन्हा हात वर केला.